भुलव्वाच्या बनात मी शब्द माघारी घेतो

लातूरहून मी अरण्याच्या प्रवासाला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक जादा सदरा, शाईचं पेन, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि बायकोने बांधून दिलेले धपाटे होते. हातात काठी होती.

"काठी कशाला?" बायकोने विचारलं.

"अरण्यात वाघ आहेत."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मीच लिहिलंय."

"मग भ्यायचं काय कारण? तुमचाच आहे तो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. जगातल्या थोर प्रवाशांना निरोप द्यायला बंदरावर माणसं लोटतात. मला कडीचा आवाज मिळाला.

हे नीट कळायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. मी अर्जनवीस (लोकांचे सरकारी अर्ज लिहून देणारा). लोक मला मुनशी म्हणतात. लातूर नवा जिल्हा झाला तसं मी उदगीरचं बस्तान हलवून लातूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकलं. नव्या जिल्ह्याचा थाट काय वर्णावा! भिंतींचा रंग ओला, साहेबांच्या खुर्च्यांवरचे वेष्टणाचे कागद अजून तसेच, आणि जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेल्या फायली व्हरांड्यात उसाच्या मोळ्यांसारख्या रचलेल्या. त्यात दुष्काळ. नवा जिल्हा आणि दुष्काळ एका वेळी आले, की अर्जनवीसाला मान वर करायची सवड राहत नाही.

माझी ख्याती अशी, की माझा अर्ज वाचता वाचता कारकुनाने चष्मा पुसावा. ज्याचं शेरडू मेलं त्याची मी खिल्लारी बैलजोडी मारत असे. ज्याच्या पडवीची भिंत खचली त्याचं आख्खं घर मी पहिल्या वाक्यात भुईसपाट करत असे. एखादं गिऱ्हाईक बिचकून म्हणे, "मुनशी, जरा जास्तच होऊन राहिलं की हे." मी म्हणे, "सरकार वाचताना अर्धं कापतं. आपण दुप्पट लिहायचं, म्हणजे खऱ्याला खरं पोचतं." या हिशोबावर मी इतका खूश होतो, की तो कधी चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही.

तो चुकल्याची बातमी एका सोमवारी स्वतःच्या पायांनी चालत माझ्या टेबलापुढे आली. बातमीचं नाव मन्मथप्पा. उदगीर सोडून देगलूरच्या अंगाला गेलं की रायवाडी नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव लागतं, त्याचे हे सरपंच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खाली. भांडायला आलेला माणूस मला चालतो. शांत माणूस आला की मी आधी पेनाला टोपण लावतो.

"शरणार्थ, मुनशी."

"शरणार्थ, अप्पा. बसा. काय लिहायचं?"

"लिव्हायचं न्हाई. तुमी लिव्हलेलं दाखवायचं हाय."

चार वर्षांपूर्वी, सुकाळात, मन्मथप्पा उदगीरला माझ्याकडे आले होते. त्यांच्या गावाशेजारी भुलव्वाचं बन आहे. अव्वा म्हणजे कानडीत आई. भुलव्वा म्हणजे वाट भुलवणारी आई. त्या बनाला तीर्थस्थान मानून तिथवर रस्ता द्यावा, असा अर्ज मी लिहून दिला होता. रस्ता काही झाला नाही, पण अर्ज फायलीत राहिला आणि फाइल ट्रकमधून नव्या जिल्ह्यात आली. आता गावाने पिण्याच्या पाण्याचा टँकर मागितला, तर साहेबांनी तीच फाइल उघडली. तो अर्ज मन्मथप्पांनी मागून आणला होता; त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ मारलेली होती. अक्षर माझं:

'अरण्याच्या मध्यभागी बारमाही झरा असून हजारो भाविक त्याचे जल प्राशन करतात.'

"साहेब म्हणले, हजारोंना पुरतंय ते पाणी चाळीस घरांना कसं पुरंना?" मन्मथप्पा म्हणाले. "मी काय सांगावं? मला तर वाचता येत न्हाई. त्यांनीच वाचून दाखवलं."

"त्यात काय एवढं!" मी गठ्ठ्यातून ताव ओढला. "झरा आटला म्हणू. आटताना मोठा आवाज झाला म्हणू. गुरं दावी तोडून पळाली म्हणू."

त्यांनी तावावर हात ठेवला. "हितं बसून न्हाई. बनाबद्दल खोटं गेलं की बनात उभं ऱ्हाऊन माघारी घ्यावं लागतंय. ज्यानं बोललं त्यानंच. आमच्याकडची रीत हाय ती. बन रुसलंय म्हणतेत लोक."

"अप्पा, लांब आहे हो. आणि ऊन..."

"येत्या सोमवारपातूर टँकर न्हाई आला तर गाव उठतंय, मुनशी. निम्म्या लोकांनी गठुडी बांधून ठिवलीत. चार कोसांवरनं बैलगाडीनं पाणी आणून आणून आता बैलच बसाय लागलेत."

हे सगळं त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मी सवयीने त्यातलं अर्धं कापायला गेलो. कापण्यासारखं काही सापडेना. मी टेबल आवरलं.

मन्मथप्पांबरोबर उदगीरपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. स्टँडासमोर मी सुशीला खाल्ला. (परगावच्या वाचकांसाठी खुलासा: सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता. मी खाल्ली ती कुणी बाई नव्हे.) हॉटेलवाल्याने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत शेजारीच उभा राहिला. मी अर्धा पेला ठेवून उठलो, तर त्याने तो उचलून सरळ कपबशा धुवायच्या घमेल्यात ओतला. दुष्काळ पेपरात वाचणं वेगळं आणि आपलं उष्टं पाणी असं आदराने उचललेलं पाहणं वेगळं.

पुढे जीप. तिच्यात किती माणसं होती हा आकडा मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही म्हणाल, मुनशी सुरू झाला. एवढंच सांगतो, की माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून मी बराच वेळ पाय चोळला, आणि मग समोरचे एक आजोबा म्हणाले, "आता बरं वाटतंय, बाळा. दुसराबी चोळ." ड्रायव्हर गिअरवर तेलुगूत रागवत होता, मागची बाई कोंबडीला कानडीत समजावत होती, आणि मी मराठीत देवाला हाका मारत होतो. तिघांचंही कुणी ऐकत नव्हतं.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं आणि तेच बघण्यासारखं होतं. चैत्र होता. रानं भाजलेल्या भाकरीसारखी पापुद्रे सुटलेली. लेंडी नदीच्या पात्रात बायका वाळू उकरून झिऱ्यापाशी (वाळूतल्या खड्ड्यापाशी) वाटी घेऊन बसल्या होत्या. पाणी साचलं की वाटी, वाटीने घागर. आमची जीप पुलावरून गेली तेव्हा एकीनेही मान वर केली नाही. मान वर केली तर तेवढ्यात साचलेलं दुसरी घेईल.

जीपमधून उतरून दोन कोस चाललो. पहिला अर्धा कोस मी मन्मथप्पांच्या पुढे होतो. उरलेल्या वाटेबद्दल लिहिण्यासारखं नाही.

रायवाडीत त्यांच्या ओसरीवर बसलो. सूनबाईने तांब्या आणून दिला. उन्हातून आलेला माणूस काय करतो? मीही तेच केलं. भरपूर घोट घेतला, खळाखळा चूळ भरली आणि अंगणात लांब पिचकारी मारली.

सात-आठ माणसं माझ्या चुळीकडे बघत होती. ती मातीत पडली, पसरली, जिरली. जिरल्यानंतरही ती बघत राहिली. कोपऱ्यातली एक वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी म्हणाली, "लई लांब गेली."

ही गंगव्वा. बनात रोज दिवा लावणारी. तिचं वय मी अर्जात नक्की एकशे वीस लिहिलं असतं. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्योच का त्यो?"

"हाव, अव्वा," मन्मथप्पा म्हणाले.

"दिसतोय तसा," ती म्हणाली. म्हणजे कसा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे आलेली ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि वाटीभर अंबाडीची भाजी मी मुकाट्याने खाल्ली. चटणी अशी होती, की एरवी मी तिच्यावर पानभर लिहिलं असतं. पण घास उतरवायला पाणी मागायची लाज वाटत होती, आणि घशात घास अडकलेल्या माणसाला वर्णन सुचत नाही.

उन्हं कलायच्या आत आम्ही बनाकडे निघालो.

आता मी अरण्य पहिल्यांदा पाहिलं ती गोष्ट. माझ्या अर्जात ते 'क्षितिजापासून क्षितिजापर्यंत' होतं. प्रत्यक्षात उघड्या माळावर, एखादा काळसर हिरवा ढग दमून खाली बसावा तसं ते बसलेलं होतं. त्याच्या चारी बाजूंना क्षितिजाला भरपूर जागा शिल्लक होती. मनात म्हटलं, मुनशी, एवढ्याशा झाडीसाठी तू वाघ खर्च केलास!

पण बांधावर पोचलो आणि माझा तोरा उतरला. बाहेर गवताची काडी नव्हती, आणि आत करंज नव्या पालवीने ओलसर हिरवे झळकत होते. वडाच्या पारंब्या खाली उतरून स्वतःच झाडं झाल्या होत्या, त्यांच्या पुन्हा पारंब्या. गुळवेली मनगटाएवढ्या. बुंध्याखाली गुडघाभर पाचोळा आणि वाळलेल्या फांद्यांचे ढीग. गावात चुलीला काटकी नव्हती, गोठ्यात गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि इथे सरपण, पाला सगळं जागच्या जागी.

"कुणी नेत नाही?" मी विचारलं.

"पडलेलं पानबी बनाचं," गंगव्वा म्हणाली. "पायताण काडा. काठी ठिवा."

"वाघ..."

"ठिवा म्हणलं ना."

आत पाऊल टाकलं आणि उन्हाचा आवाज बंद झाला. ऊन वाजतं हे मला तोवर माहीत नव्हतं. जमीन गार होती. मोहाच्या फुलांचा गोड, जरासा चढणारा वास होता. मी दबलेल्या आवाजात बोलू लागलो; कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

गंगव्वा एका मुळावर बसली. मन्मथप्पा बांधाजवळच थांबले. रीत अशी, की मी झाडांसमोर उभा राहून माझाच अर्ज मोठ्याने वाचायचा, एकेक वाक्य, आणि जे खोटं ते तिथेच माघारी घ्यायचं. आयुष्यात मी हजारो अर्ज वाचून दाखवले, पण झाडांना वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ. साहेब निदान मध्ये जांभई देतात. झाडं ऐकत राहतात.

"'सदर अरण्य सात कोस विस्तारलेले आहे,'" मी वाचलं.

"चाला," गंगव्वा म्हणाली. "पावलं मोजा."

मी मोजली. या बांधापासून त्या बांधापर्यंत चारशे तीस पावलं. त्यातली तीस काट्यावर पाय पडल्याने मागे-पुढे झालेली.

"चारशे पावलं," मी म्हणालो.

"माघारी घ्या."

"सात कोस माघारी."

"'वृक्ष इतके उंच, की त्यांच्या शेंड्यांवर मेघ अडून राहतात.'"

म्हातारीने वर पाहिलं. मीही वर पाहिलं. पानांच्या फटीतून कोरडं, पांढरं आभाळ दिसत होतं. "अडले असते तर बरं झालं असतं," ती हळूच म्हणाली. मेघ मी तिने सांगायच्या आतच माघारी घेतले.

"'व्याघ्रादी श्वापदे येथे मुक्त विहार करतात.'"

"वाघ?" गंगव्वाला हसू आवरेना. "एक साळिंदर हाय बाबा. तेबी म्हातारं. काटं झडून राहिलेत त्याचं."

"व्याघ्र माघारी," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या ओळखीचा वाघ गेला, जरा वाईट वाटलं. त्याच्या जागी काटे झडलेल्या साळिंदराची नोंद केली.

आता उरलं शेवटचं वाक्य. झऱ्याचं. ते मात्र बनाच्या मध्यावर जाऊन, एकट्याने बोलायचं. "सरळ जा," गंगव्वाने हात केला. "दोन हाकांवर हाय."

मी सरळ गेलो. वाटेत एक जुना मोह लागला. त्याच्या बुंध्याला ढोली होती, जांभई देणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखी. त्याला वळसा घालून पुढे गेलो. चांगला चाललो. तर समोर एक जुना मोह, ढोली, जांभई. म्हटलं, जुळा भाऊ असेल. पुढे गेलो. तिसऱ्यांदा तोच म्हातारा जांभई देत उभा. त्या ढोलीत मघाशी मी हात टेकला होता तिथला शाईचा डागसुद्धा दिसला.

वाचकहो, चकवा नावाची गोष्ट मी अर्जांतून पुष्कळांना लावली आहे. मला लागेल असं वाटलं नव्हतं. गंमत अशी, की मला गावातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मन्मथप्पांचा खोकला ऐकू येत होता. चारशे पावलांच्या झाडीत मी, तालेवार अर्जनवीस, नव्या जिल्ह्याचा लेखणीबहाद्दर, सशासारखा गरगरत होतो. तुम्ही म्हणाल, हा दर वेळी डावीकडे वळला असणार. असेल. डावीकडे वळायची माझी सवय आहे. घरातही मी देवघराकडे निघतो आणि स्वयंपाकघरात पोचतो. पण पाचव्या फेरीला मी मुद्दाम, ठरवून, मोजून उजवीकडे वळलो. म्हाताऱ्याने पुन्हा जांभई दिली.

"झरा माघारी!" मी ओरडलो. "हजारो भाविक माघारी! बारमाही माघारी!"

मोह तिथेच.

"काय उरलंय का?" गंगव्वाचा आवाज आला, अगदी कानाजवळून आल्यासारखा. "उरलंसुरलं बोला की."

"सगळं बोललो!"

"मग बन सोडंना कामून?"

मी मोहाला टेकून बसलो. आणि मला ती दुपार आठवली, चार वर्षांपूर्वीची, उदगीरची. मन्मथप्पा समोर बसून सांगत होते, मी लिहीत होतो. रस्त्याचं सांगून झालं, आणि ते म्हणाले होते, "आणि मुनशी, तेवढं इहिरीचं घाला. गावची एकच इहीर, उन्हाळ्यात तळाला लागून राहती. पाच-सहा हात खोल झाली तर पुढची धास्त न्हाई." मी मान डोलावली होती. आणि लिहिलं नव्हतं. विहीर प्रत्येकाच्याच अर्जात असते. माझा अर्ज असा रंगात आला होता, वाघ, मेघ, सात कोस, आणि त्यात हे पाच-सहा हात कुठे घालणार? विहिरीची जागा मी झऱ्याला दिली. झरा वाचायला छान वाटला.

हे मी मोठ्याने बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. कुणाला सांगत होतो तेही कळत नव्हतं. "विहीर सांगितली होती. मी गाळली. शोभत नव्हती म्हणून."

मग करंजांच्या पलीकडून, अगदी पाच-दहा पावलांवरून, मन्मथप्पांचा आवाज आला.

"मला वाटलं साहेबानं खोडली."

मी उठलो. करंजाची फांदी बाजूला केली, तर माझी ओरड ऐकून आत आलेले ते तिथेच उभे होते.

"चार वर्सं," ते म्हणाले, "चार वर्सं त्या जुन्या साहेबाला मी शिव्या देऊन राहिलो. देवासमोर बसूनसुद्धा दिल्या. त्या कुणाला पोचल्या असतील आता?"

"मला, अप्पा," मी म्हणालो. "त्याच काटे होऊन पावलोपावली पायात मोडत होत्या."

ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात पुढे करून वाट मोकळी केली. बनाचा मध्य तिथेच होता, त्यांच्या मागे. मोहापासून दहा पावलांवर.

गंगव्वा आमच्या आधी पोचली होती. कशी, ते मला विचारू नका. वडाच्या मुळाखाली काळा दगड होता, दगडाला तळहाताएवढा खळगा, खळग्यात ओल. मुळातून एक थेंब सुटला, खळग्यात पडला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा. काठावर एक होला (पारव्याच्या जातीचं पाखरू) बसला होता. आम्हाला पाहून उडाला नाही, चोच बुडवून पाणी प्यायला आणि मग गेला.

"ह्यो झरा," गंगव्वा म्हणाली. "पाखराचा हाय. माझ्या आजीच्या टायमालाबी एवढाच."

"म्हणजे झरा आहे," मी पुटपुटलो. हे तर फार वाईट झालं. नसता, तर 'झरा नाही' एवढं लिहून मोकळे झालो असतो. "अप्पा, ऐका. आटला म्हणूया. एकच शब्द. गाव वाचेल."

मला दिसत होतं, त्या एका शब्दाकडे मन्मथप्पा कसे बघताहेत. हॉटेलवाला माझ्या पेल्याकडे बघत होता तसे. येत्या सोमवारचं सगळं गाव त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्यांनी गंगव्वाकडे पाहिलं.

"आटला न्हाई," म्हातारी म्हणाली. "हाय तेवढा हाय. तेवढाच लिव्हा."

"साहेब 'झरा आहे' एवढंच वाचतील, अव्वा!"

"मग पुडचंबी लिव्हा की. तुमाला येतंय ना लिव्हाय?"

मला येतं का लिहायला? हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी दगडाशेजारी मांडी घालून बसलो आणि नव्या जिल्ह्यातला सर्वांत आखूड अर्ज लिहिला. बन चारशे पावलांचं आहे. त्यात एक दगड आहे. त्याच्या खळग्यात झाडाच्या मुळातून थेंब थेंब पाणी येतं. ते एका होल्याला पुरतं. गावात चाळीस घरं आहेत. पाणी चार कोसांवरून येतं. आधीचा अर्ज मी लिहिला होता आणि तो खोटा होता. हे बनात बसून लिहिलं आहे. खाली मन्मथप्पांचा अंगठा, गंगव्वाचा अंगठा, माझी सही. लिहिताना तीन वेळा 'भीषण' हा शब्द पेनाच्या टोकाशी आला. तीनही वेळा शाई तुटली. पेन जुनं आहे, असेल.

परतीच्या जीपमध्ये मी कुणाचाच पाय चोळला नाही. तळव्यांत एवढे काटे होते, की पाय माझेच आहेत याबद्दल शंका नव्हती. मन्मथप्पा शेजारी होते. उदगीर येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि उदगीरला माझ्या वाटणीचा पेला त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी तो तळापर्यंत संपवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं.

"बाकीची पानं?"

"एवढंच आहे, साहेब."

"अक्षर ओळखीचं वाटतंय," साहेब म्हणाले, "मजकूर ओळखीचा नाही." हे साहेब पुण्याकडचे, माणूस सरळ, पण दिवसाला शंभर अर्ज वाचून डोळे विझलेले. "होल्याला पुरतं म्हणजे? यातलं किती धरायचं मी? तुमच्या कागदातलं मी नेहमी निम्मं धरतो."

मी तोंड उघडलं. मनातल्या मनात होला निम्मा करून पाहिला. निम्मा होला कसा धरणार?

मन्मथप्पा पुढे झाले. "साहेब, बनात बसून लिव्हलंय."

"म्हणजे काय?"

दारात स्टुलावर चपराशी बसला होता. देगलूरकडचा माणूस, आजवर माझ्याकडे बघून तंबाखू थुंकण्यापलीकडे त्याने मला मान दिला नव्हता. तो उठून उभा राहिला. "भुलव्वाच्या बनात का?" त्याने विचारलं.

"हाव."

"अनवानी?"

मी पाय वर करून तळवा दाखवला. साहेबांनी नाक मुरडलं. चपराशाने मात्र वाकून नीट पाहिला, एखादा शिक्का तपासावा तसा.

"साहेब," तो म्हणाला, "त्या बनात खोटं बोललं की भाईरची वाट सापडत न्हाई. यातलं काई कापू नका. हाय तसंच धरा."

साहेबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग अर्ज पुन्हा वाचला, या वेळी हळू. आणि लाल पेन ठेवून निळं उचललं.

शनिवारी रायवाडीत टँकर पोचला. मग दिवसाआड. गाव उठलं नाही. काही गठुडी पावसाळ्यापर्यंत बांधलेलीच होती म्हणे, पण दारात नव्हे, घरात.

महिनाभराने मन्मथप्पा पुन्हा टेबलापुढे आले. नव्या चपला, बाकी तसेच. "आता इहिरीचं लिव्हा," म्हणाले. मी लिहिलं. गावची एक विहीर आहे. तळ लागला आहे. सहा हात खोल करायला हवी. वाचून दाखवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर दुसरा अर्जनवीस कुणाचं तरी आख्खं खानदान रडवत होता. मन्मथप्पा पुढे वाकले, आवाज आणखी खाली आणला.

"मुनशी, जरा वाढवा की."

"वाढवतो," मी म्हणालो. "पण विहीर बनाच्या बांधाला लागून आहे ना? मग तिचंही तिथेच बसून लिहावं लागेल. चला. चपला काढा."

ते त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "हाय तेच द्या."

घरी परतलेल्या प्रवाशाने जगाबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. मला एकच कळली, तीही उशिरा: मी ज्यांना नेहमी मोठं करून दाखवलं, त्या माणसांची गरज बहुतेक वेळा पाच-सहा हातांचीच असते, आणि माझ्या वर्णनात नेमकी तीच बुडते. धंदा अजून चालू आहे. हात अजून शिवशिवतो. इतर गावांची शेरडं मी अधूनमधून बैल करतो, लपवत नाही.

पण रायवाडीच्या विहिरीचं विचाराल, तर पुढच्या उन्हाळ्यात काम झालं. पाणी किती हातांवर लागलं याबद्दल गावात जितकी तोंडं तितके आकडे आहेत, आणि सर्वांत अचाट आकडा मन्मथप्पांचा आहे. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

पाणी लागलं.